देव पुढे गेले

या, जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो. तिकडे परदेशात, डँडेनॉन्गच्या हॉलमध्ये चंद्रहासबुवांचं कीर्तन रोमपर्यंत पोचलं होतं. "शत्रूच्या गावाला वेढा पडला, की रोमन लोक कधी कधी तिथल्याच देवाला आळवायचे: 'आमच्याकडे ये, मोठं देऊळ बांधू!' असंही राज्य वाढलं."

श्रोत्यांत बसलेल्या प्रणवने विचारलं, "बुवा, मागे राहिलेल्यांचं काय?"

"देवच गेला म्हटल्यावर धीर सुटायचा रे त्यांचा."

प्रणवला रडू फुटलं. "मी इथे घर घेतलं, तेव्हा आईने साताऱ्याचे घरचे देव दिले. 'तू देव पुढे ने, मी मागून येते,' म्हणाली. व्हिसा आलाच नाही. रिकाम्या देव्हाऱ्यापुढे बसून असायची. गेल्या महिन्यात गेली."

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

बाबांनो, संध्याकाळी निरांजन लावाल, तेव्हा प्रणवच्या आईची, त्या इंदुमतीबाईंची आठवण काढा.