गॉटलीबला घेऊन गेलेले क्रियापद

मित्रांनो, मी एक जुने रशियन क्रियापद आहे. 'मार्शिरोवात', म्हणजे रांगेत पावले टाकत चालणे. माझा जन्म फ्रेंचांच्या घरचा. पुढे जर्मनांनी मला 'ईरेन' हा प्रत्यय जोडला. तोही त्यांनी फ्रेंचांकडूनच उचललेला. मी 'मार्शीरेन' झाले. मग रशियनांनी आपल्या फौजेसाठी मला त्या 'ईर'सकट उसने नेले आणि मागे स्वतःचे 'ओवात' लावले. परेडच्या मैदानांवर माझी फार वाहवा झाली.

मग जर्मनीशी युद्ध आले. रशियात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या व्होल्गाकाठच्या जर्मनांना सरकारने संशयावरून उचलून कझाकस्तानच्या माळावर आणून टाकले. त्यांत गॉटलीब सुतार, त्याची बायको एमिलिया आणि तान्ही लिडिया होती. तिथे चारचौघांत जर्मन बोलायची चोरी. हिवाळ्यात एका सकाळी पुरुषांना सक्तीच्या कामावर न्यायला रांगेत उभे केले. अधिकारी ओरडला, "मार्शिरोवात!"

एमिलियाने गॉटलीबची बाही घट्ट धरली. गॉटलीब तिच्या कानाशी पुटपुटला, "अगं, घाबरतेस काय? शब्द आपलाच आहे. अर्धा तरी!"

रांग बर्फात दिसेनाशी झाली. तो परतला नाही. खबरही आली नाही.

तेव्हापासून मी एमिलियाला झपाटले. छपरावरून बर्फ घसरला तरी तिला पावले ऐकू येत. ती धावत जाऊन दार उघडी. बाहेर नुसता माळ.

लिडिया शाळेत जाऊ लागली. मे महिन्याच्या संचलनाची तालीम चालली होती. गुरुजींनी मला खणखणीत आवाजात पुकारले. कुंपणापलीकडून एमिलिया धावत आली आणि तिने लेकीला रांगेतून ओढले.

"आई, सगळे बघताहेत गं!"

"बघू देत! 'आपलाच शब्द' म्हणाला होता तो. आपला असता तर त्याला परत नसतं आणलं?"

शेजारची कुल्याश आपा तिला हाताला धरून घरी घेऊन गेली. कढईत तेल तापवून तिने कझाक लोक मेलेल्यांच्या नावाने तळतात त्या रोट्या सोडल्या.

"पोरी, वाट बघणं पुरे आता. या रोट्यांचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो. हाक मार त्याला."

"कुठल्या भाषेत मारू, आपा?"

"त्याला कळेल त्या!"

एमिलियाने जर्मनमध्ये, भिंतीपलीकडे जाईल अशी हाक मारली. ओ आली नाही. खूप रडून झाल्यावर तिने गरम रोटी मोडून लिडियाला भरवली. "तुझा बाबा फार छान शीळ घालायचा," ती म्हणाली. आजवर ती 'घालतो' म्हणत असे.

मित्रांनो, माणसांना घेऊन जायला मी फार कामी आले. परत आणायला कधीच नाही. मला उच्चारण्याआधी रांगेतला एखादा तरी चेहरा नीट बघत जा.