दुसरा गुडघा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. परंतु बसण्याचा नव्हे, निजण्याचा. एका फुटबॉल क्लबात, खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोलीत, भिंतीपासून दोन हात पुढे मी छत्तीस वर्षे उभा होतो आणि मालिश करून घेण्यासाठी खेळाडू माझ्यावर आडवे होत. मैदानावर काय घडले ते मी पाहिलेले नाही. त्याची वर्णने करणारे विद्वान पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी काहींनी सामनेही पाहिले असतील. मी पाहिली ती मैदानावरून परत आलेली शरीरे.

माझा जन्म आनंदातून झाला. एका विजयानंतर प्रेक्षकांना हर्ष अनावर झाला आणि त्यांनी पश्चिमेच्या सज्ज्यातले बाक मोडून टाकले. क्लबाच्या सुताराने धड उरलेल्या फळ्या वेचल्या, रंधा मारला आणि मला घडवले. पालथे निजणाऱ्याला श्वास घेता यावा म्हणून त्याने एका टोकाला चेहऱ्यापुरते भोक पाडले. ते मधोमध न पडता दोन बोटे डावीकडे सरकले. सुताराने काळ्या कातड्याची गादी चढवली आणि आपली चूक ही सोय असल्याचे सर्वांना पटवून दिले. मोठ्या पदावर गेला असता, असा माणूस.

माझ्यावर राज्य होते मालिशवाल्या मामांचे. त्यांची पद्धत अशी: प्रथम हात ऊन पाण्यात बुडवायचे, पुसायचे, मग अंगठा गुडघ्याच्या वाटीखाली ठेवून डोळे मिटायचे आणि विचारायचे, "घरी काय म्हणतात?" खेळाडू घरचे सांगू लागे. बोलण्याच्या ओघात माणूस दुखणे लपवायचे विसरतो. जिथे मांडीचा स्नायू दचके, तिथे मामा थांबत. कुठे दुखते असे त्यांनी कोणालाही विचारले नाही. खेळाडू त्या प्रश्नाला खरे उत्तर देत नाहीत, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळले होते.

आता ज्याच्यासाठी हे सारे सांगतो आहे, त्याच्याकडे वळतो. तो आघाडीचा खेळाडू होता. गोलासमोर चेंडू कुठेही पडो, हा तिथे आधीच उभा. म्हणून त्याचे नाव पडले ‘हजर’. पहिल्यांदा माझ्यावर निजला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि गुदगुल्या होतात म्हणून हसत सुटला होता. मामा म्हणाले, अजून कुठे दुखत नाही त्यालाच गुदगुल्या होतात, हसून घे. पहिल्या हंगामात त्याने अकरा गोल केले, दुसऱ्यात तेवीस. तिसऱ्या वर्षी राष्ट्रीय संघाचे बोलावणे आले, तेव्हा तो ते पत्र खिशात घेऊनच माझ्यावर निजला. मामांनी ‘घरी काय म्हणतात’ विचारले आणि हजर चेहरा त्या वाकड्या भोकात घालून लहान मुलासारखा रडला. त्या दिवसांची आठवण आली की माझ्या फळ्यांना अजून तेलाचा वास येतो.

चोविसाव्या वर्षी एका बचावपटूने त्याच्या डाव्या गुडघ्यावर बूट घातला. आतली कूर्चा फाटली. शस्त्रक्रिया झाली, पाच महिन्यांनी तो परतला. पण प्रतिस्पर्ध्यांच्या बुटांना त्या गुडघ्याचा पत्ता ठाऊक झाला होता. तेव्हा आमच्या प्रशिक्षकांना एक युक्ती सुचली. त्यांनी मामांना सांगितले की पट्टी बांधा, रुंद, पांढरी, लांबून दिसेल अशी. पण उजव्या गुडघ्याला. डावा उघडाच राहू दे.

मामांनी पट्टी बांधली आणि हसत म्हणाले, "आजार रेड्याला आणि औषध पखालीला."

"बांधा हो मामा," हजर म्हणाला. "पखालीला लाथा बसू देत. ती धडधाकट आहे."

युक्ती कमालीची यशस्वी झाली. सात वर्षे निरनिराळ्या देशांच्या बचावपटूंनी त्याच्या निरोगी गुडघ्यावर इमानेइतबारे लाथा मारल्या. वृत्तपत्रांनी ‘जखमी उजव्या गुडघ्याचा झुंजार वीर’ अशी मालिका छापली. क्लबाच्या सचिवांनी कार्यालयातल्या कागदांवरही उजवाच गुडघा नोंदवला, कारण कागद फुटतात. अशा रीतीने असत्याला छापील आधार मिळाला आणि जे छापले गेले त्याची कोणी फेरतपासणी करत नाही. हजरने क्लबासाठी दोनशेच्या वर गोल केले, देशासाठी एकतीस. डावा गुडघा मात्र आतून झिजत होता. मामांच्या अंगठ्याखाली तो कुरकुरे, तेव्हा ते डोळे मिटलेलेच ठेवत आणि घरच्या गप्पा लांबवत.

त्याच्या एकतिसाव्या वर्षी प्रशिक्षक, सचिव, मामा आणि हजर माझ्याभोवती गोळा झाले. जागतिक स्पर्धेत जाण्यासाठी देशाला एक शेवटचा सामना जिंकायचा होता आणि तो आमच्याच मैदानावर होता. आमचे प्रशिक्षक आता राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक झाले होते. हजर जागतिक स्पर्धेत कधीच खेळला नव्हता. या वेळी हुकली तर पुढची येईपर्यंत तो पस्तीस वर्षांचा होणार होता. आणि तीन आठवड्यांपूर्वीच मामांनी त्याला बजावले होते की हा गुडघा आता एखादीच जोराची उडी काढील. त्यानंतर खेळणे राहिले बाजूला, जिना चढायचेही वांधे होतील.

सामन्याच्या दोन दिवस आधी देशाच्या फुटबॉल महासंघाने नवे डॉक्टर पाठवले. अत्यंत अभ्यासू गृहस्थ. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली, कात्रणे वाचली आणि हजरला माझ्यावर निजवून त्याच्या उजव्या गुडघ्याची अर्धा तास तपासणी केली. वाकवला, फिरवला, ठोकून पाहिला. इथे दुखते का? नाही. इथे? नाही. प्रश्न चुकीचा असला की माणसाला सत्य बोलूनही फसवता येते. डाव्याला त्यांनी हातही लावला नाही. तो फाइलमध्ये नव्हता. प्रत्यक्ष प्रमाणापेक्षा शब्दप्रमाण श्रेष्ठ मानणाऱ्या परंपरेचे ते निष्ठावान पाईक होते.

शेवटी त्यांनी फाइल मिटली. "इतका जुना मार, आणि गुडघा विशीतल्या पोरासारखा," ते मामांना म्हणाले. "हातात जादू आहे तुमच्या."

प्रशिक्षक खिडकीबाहेर पाहत होते. सचिव घड्याळाला किल्ली देत होते. मामा आपल्या जादूच्या हातांना पुन्हा पुन्हा पुसत होते.

सगळे गेल्यावर मामांनी दार लोटले. मग ते म्हणाले, "सांगू का त्यांना? अजून जिन्यातच असतील."

हजर छताकडे पाहत निजून होता. "सांगितलंत तर गुडघा वाचेल, मामा. पण मग वाचलेला गुडघा घेऊन मी करू काय?"

"पोरगी आहे घरी तुला. दोन वर्षांची."

"म्हणूनच. तिला सांगायला काहीतरी नको का?"

मामा दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवून उभे राहिले. जिन्यातला डॉक्टरांच्या बुटांचा आवाज खाली उतरत गेला, मग मैदानाच्या कडेच्या खडीवर वाजला, मग थांबला. मामा परत आले आणि त्यांनी तेलाची बाटली उघडली. मित्रांनो, मी त्या माणसावर प्रेम केले आहे, आणि त्या कडीवरच्या हाताला मी अजून क्षमा केलेली नाही.

सामन्याच्या दुपारी भिंती थरथरत होत्या. एकदा मोठी गर्जना उठली. नंतर कळले की हजरने उंच उडी घेऊन डोक्याने गोल केला होता. गर्जना मध्येच कापल्यासारखी थांबली. उडी घेतलेला माणूस खाली उतरला होता.

चौघांनी त्याला आणून माझ्यावर ठेवले. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता. डॉक्टर धावत आले, कात्री काढली आणि तत्परतेने उजव्या गुडघ्यावरची पट्टी कापू लागले. शेजारी डावा गुडघा डोळ्यांदेखत सुजत होता, आणि डॉक्टर पट्टी कापत होते, थर उलगडत होते, आत काय झाले असेल म्हणून हळुवारपणे फुंकर घालत होते. खोलीत प्रशिक्षक होते, सचिव होते, मामा होते. बाहेर चाळीस हजार माणसे ‘हजर, हजर’ असा घोष करत होती.

पट्टीचा शेवटचा थर सुटला, तेव्हा हजर ओठ चावत म्हणाला, "डॉक्टर, दुसरा."

डॉक्टरांनी डाव्या गुडघ्याकडे पाहिले. मग एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिले. कोणीही त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. "किती दिवसांपासून?" त्यांनी विचारले. सात वर्षे, हे उत्तर त्या खोलीत सर्वांना येत होते.

देश जागतिक स्पर्धेत गेला. हजर गेला नाही. त्याने ते सामने उशीवर पाय ठेवून पाहिले. मामांनी महिनाभरात काम सोडले आणि नंतर कोणाच्याही गुडघ्याला अंगठा लावला नाही. प्रशिक्षकांचा सत्कार झाला.

क्लब कृतघ्न नव्हता. त्याने प्रवेशद्वाराशी हजरचा ब्राँझचा पुतळा उभारला: हवेत उडी घेतलेला, आणि उजव्या गुडघ्याला पट्टी. ग्रंथातला अपपाठ पुढच्या आवृत्तीत सुधारता येतो. धातूत ओतलेला अपपाठ अभ्यासाला लावतात. अनावरणाच्या समारंभात सचिवांनी त्या उजव्या गुडघ्यावर पाऊण तास भाषण केले आणि हजर काठी टेकून, अंगाचा सारा भार उजव्या पायावर घेऊन ते ऐकत उभा होता, असे मला वखारीच्या रखवालदाराच्या गप्पांतून कळले. कारण तोवर मी क्लबाच्या वखारीत होतो. खोलीत कळ दाबली की वर-खाली होणारे नवे बाक आले होते. माझ्यावर फाटक्या जाळ्या आणि चुन्याची पोती पडली. कातडे तडकले, कापूस उंदरांनी नेला.

गेल्या महिन्यात वखार पाडायचे ठरले आणि काही हवे असल्यास घेऊन जा म्हणून रखवालदाराने हजरला बोलावले. तो आला तो सावकाश, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. सोबत अकरा वर्षांची मुलगी होती. त्याने जाळ्या बाजूला केल्या, माझ्यावर हात फिरवला आणि माझ्या कडेला टेकून तिला सगळे सांगितले. पट्टीपासून कात्रीपर्यंत, काहीही न वगळता.

शेवटी तिने विचारले, "तू का नाही सांगितलंस, बाबा?"

"मला खेळायचं होतं गं."

"तुला खेळायचं होतं, कळलं. पण बाकीचे? ते तर खेळणार नव्हते."

काठीची मूठ हजरने दोनदा या हातातून त्या हातात घेतली. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता, आणि त्याने स्वतःही तो विचारला नसावा. मग तो उठला. मुलीने त्याच्या डाव्या कोपराखाली हात घातला आणि दोघे हळूहळू उजेडात गेली. मला त्याने नेले नाही. बरेच केले.

मित्रांनो, माझी वखार उद्या पडेल. माझे जळण होईल किंवा फळ्या कुणाच्या तरी कामी येतील. लाकडाची निगा राखा, असे मी म्हणणार नाही. लाकूड पुन्हा मिळते. धाडसी माणूस स्वतःचे दुखणे लपवणारच. त्याचे धाडस त्याला तेच शिकवते. म्हणून त्याची निगा राखणे हे त्याच्याभोवती उभे असलेल्यांचे काम आहे, आणि ते काम टाळ्या वाजवून होत नाही. कोणी लंगडताना दिसले, तर त्याच्या परवानगीची वाट पाहू नका. ज्याला सांगायला हवे त्याला सांगा, तो जिन्यात असतानाच सांगा. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते: सांगण्यापेक्षा गप्प राहणे प्रत्येकाला सोपे वाटले. बाकीचे माझ्याभोवती उभे होते, आणि त्या खोलीत तोंड नसलेला मी एकटाच होतो.