मिशीचा ठराव

कडूबाईच्या पोराची मिशी गेली ती रीतसर ठराव करून. हिवरवाडीत तेव्हा सगळंच ठरावानं चालायचं. सुंदरराव सोसायटीचे चेअरमन झाले आणि त्यांना ठरावाची अशी चटक लागली की सोसायटीचं कुलूप बदलायचं असलं तरी सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. गावच्या नाटक मंडळाचे अध्यक्षही तेच. बहात्तर साली पाऊस तोंड फिरवून गेला, तेव्हा त्यांनी मंडळाची बैठक बोलावली आणि म्हणाले, "शेताचा हंगाम तर गेला. आपुन नाटकाचा हंगाम घेऊ." तीन नाटकं बसवायची. पहिलं गावात, दुसरं तलवाड्याला, तिसरं लिंबागणेशला. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या माणसांना संध्याकाळी काहीतरी हसण्या-रडण्यासारखं हवंच होतं. कुणी हरकत घेतली नाही.

अडचण होती ती बाईच्या पार्टाची. वर्षानुवर्षं नायिका व्हायचा तो धोंडीराम. तो यंदा कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर गेला होता. धोंडीराम पाळण्यात असतानाच त्याचा बाप वारला होता, त्यामुळे त्याच्या मोकळ्या ओठाचं कुणाला काही वाटत नसे. इकडे मिशी उतरते ती बाप गेल्यावर. बाप हयात असताना ओठाला वस्तरा लावणं म्हणजे त्याला जितेपणी पोचवून येणं. मंडळात बिनबापाचे आणखी तिघे-चौघे होते, पण एकाला ढेरी होती, एकाचा आवाज फुटक्या घागरीचा, आणि बाकीच्यांना लुगडं नेसवलं असतं तर रडायच्या प्रवेशाला लोक हसले असते.

उरला कडूबाईचा सिदू. अंगानं शिडशिडीत, गळा गोड, आणि लहानपणापासून धोंडीरामच्या नकला करण्यात वाया गेलेला. पण त्याचा बाप धुळाजी मेंढरं घेऊन दिवाळीआधीच चाऱ्याच्या शोधात गेला होता. आधी गोदावरीच्या काठानं, मग परळीकडं, असं उडत उडत कळलं. त्यानंतर काहीच नाही. "बाप तर हितं न्हाईच, मग अडचण कसली?" असं म्हणून सुंदररावांनी ठराव मांडला, 'मंडळाच्या हितासाठी सिदू यांनी मिशी काढावी.' अनुमोदन दिलं शहादेव न्हाव्यानं. सिदूला तर आनंदानं काही सुचेनाच. आधी घरी आईला सांगावं, एवढं भान त्या गाढवाला राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कडूबाई कामावर गेल्यावर त्यानं शहादेवकडून मिशी उतरवून घेतली आणि दुपारी तिची भाकरी घेऊन खडीच्या कामावर निघाला. बाया ओळीनं बसून दगड फोडत होत्या. पहिल्यांदा त्याला पाहिलं केसरबाईनं. तिचा हातोडा थांबला. मग तिच्या शेजारणीचा थांबला. कडूबाईनं मान वर केली आणि लांबून येणाऱ्या पोराचा गुळगुळीत ओठ पाहिला.

ती किंचाळली ते ऐकून मुकादम छत्री टाकून धावला. कुणी धरायच्या आत तिनं दोन्ही हात खडीच्या ढिगावर आपटले. बांगड्या फुटल्या, मनगटं रक्ताळली.

"माय! माय, नाटकासाठी काढली! आबा जिता हाय!" सिदू ओरडत पळत आला.

"कशावरनं?" कडूबाईनं विचारलं.

धुळाजीला दिवाळीपासून कुणी बघितलं नव्हतं. कडूबाईनं स्वतःच्या मनगटांकडं पाहिलं. नवरा जिवंत असताना आपण बांगड्या फोडल्या. आता त्यांना काही झालं तर ते आपल्याच हातानं. त्या रात्री तिनं पोराला एक शिवीही दिली नाही, आणि सिदूला त्याचीच जास्त भीती वाटली.

तिकडं तलवाड्याच्या दोघी बाया कामावरून संध्याकाळी घरी गेल्या आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगितलं. सकाळी तलवाड्यात दिलेली धुळाजीची बहीण सत्यभामा पाच-सहा माणसं घेऊन दारात हजर. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून डोक्यावर भाकरीची दुरडी. दुष्काळात एवढं पीठ कुणाकुणाकडून गोळा केलं असेल, देव जाणे. "दादा रंऽ, आसा कसा गेलास रंऽ" म्हणत ती कडूबाईच्या गळ्यात पडली. सिदू जीव तोडून सांगत होता, पण रडणाऱ्या बाईला खरं काय ते ऐकवणं कुणाला जमलंय? आणि कडूबाईही रडू लागली, कारण खरं काय ते तिला तरी कुठं माहीत होतं?

ऊन चढता चढता दारात एक माणूस उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी.

"कोन गेलं?" त्यानं विचारलं.

सत्यभामेनं कडूबाईचा गळा सोडला. कडूबाईनं आधी त्याच्या पायांकडं पाहिलं. पावलं सुलटी होती, टाचा भेगाळलेल्या. धुळाजीच होता.

"कोन गेलं बे, सिद्या?" त्यानं पुन्हा विचारलं, आणि पोराच्या तोंडाकडं त्याची नजर गेली. मग बायकोच्या उघड्या मनगटांकडं. सगळं कळलं तसा तो काठी टेकत खाली बसला.

सिदूनं पाय धरले. "मारा मला, आबा. नाटकापाई केलं. सोडला म्या पार्ट."

सुंदररावही तोवर टोपी सावरत आले होते. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "चूक मंडळाची हाय, धुळाजी. हंगाम रद्द करतो."

धुळाजीनं दुरडीकडं बोट केलं. "ह्या भाकरी कुनाच्या?"

"तुह्याच नावाच्या, दादा," सत्यभामा कशीबशी म्हणाली.

त्यानं दुरडी ओढून घेतली आणि खायला लागला. चेहऱ्याची नुसती हाडं राहिली होती. कडूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "मेंढरं कुठं बशिवली?"

त्यानं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. "न्हाईत मेंढरं. शेवटचं एक खांद्यावर आनत व्हतो. त्ये बी वाटंत गेलं."



"वाटंनं लई येळा मनात आलं," तो भाकरीकडं बघतच बोलत राहिला, "मेंढरं गेली, आता घरी जाऊन म्या कोन? बसावं एखाद्या झाडाबुडी, उठूच नये. आन् हितं येऊन बघतो तर माझ्यापाई एवढी मानसं. आसल्या सालात भाकरी आनल्यात." तो पाणी प्याला आणि सुंदररावांकडं वळला. "चेरमन, हंगाम कावून रद्द करता? नेसू द्या त्याला लुगडं. पर गावोगाव लोक त्याचा ओठ बघून म्हन्तील, बाप मेला. तवा मला संगं न्या. पडद्याम्होरं हुबं करा आन् सांगा, ह्यो बाप, जिता हाय. मला दुसरं काम बी न्हाई आता."

सुंदररावांनी नुसती मान डोलावली. अनुमोदक विचारायचं त्यांना सुचलं नाही.

लग्न झाल्यापासून कडूबाईचा नवरा पावसाळ्यापुरता घरी असायचा, बाकी वर्ष रानात. आता तो राहणार होता, आणि राहणार होता ते सगळं गमावून आला म्हणून. हसावं की काय करावं तिला कळेना. तो मेला समजून रडली नव्हती एवढी ती आता रडली, आणि या वेळी तिला कुणी गप्प केलं नाही.