जानेवारीत पाहिलेलं गाव

लोवेल हेगस्टॅडने आयुष्यात एकही गोष्ट घाईने केली नव्हती, आणि त्याला त्याचा भारी अभिमान होता. मिनेसोटात रस्त्यांच्या खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली, तीही कुठल्या रस्त्यावरचा बर्फ आधी उपसायचा याची कोष्टकं आखत. तेव्हा निवृत्तीनंतर परदेशात कुठे राहायचं हे ठरवायला त्याने वही उघडली, यात नवल नव्हतं. डाव्या पानावर ‘समुद्र’, उजव्या पानावर ‘डोंगर’. देश इक्वेडोर, हे आधीच पक्कं झालं होतं. प्रश्न एवढाच उरला होता, की किनाऱ्यावरचं सान एलादिओ की डोंगरातलं क्वेंका.

हा सगळा खटाटोप एव्हिससाठी होता. एव्हिस त्याची बायको, लग्नाला सेहेचाळीस वर्षं झालेली. उन्हाळ्यात तिच्यासारखी हसरी बाई अख्ख्या गावात नव्हती. पण गेली वीस वर्षं नोव्हेंबरात आभाळ खाली उतरलं की ती अंथरूण धरायची, ते मार्चपर्यंत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. उजेडाची एक पेटीही दिली, रोज सकाळी अर्धा तास समोर बसण्यासाठी. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्या पांढऱ्या झगझगाटापुढे ती गुमान बसायची आणि पुन्हा जाऊन निजायची. लोवेल अंगात कोट चढवून खोलीच्या दारातून म्हणायचा, “एव्हिस, ऊठ गं. जरा फिरून ये. बरं वाटेल.”

“हो, उठतेच,” ती म्हणायची.

संध्याकाळी तो परत यावा तर ती त्याच कुशीवर. माणूस लोवेल चांगलाच होता, पण त्या ‘उठतेच’ची त्याला चीड यायची. मनात आणलं तर उठता येत नाही असं कसं होईल, हे त्याला कधीच कळलं नाही. आणि ज्याला स्वतः सकाळी साडेपाचला ताडकन जाग येते, त्याला ते कळणारही नव्हतं.

मग एका फेब्रुवारीत ती घरातल्या सपाता घालून गोठलेल्या तळ्यावर चालत गेली. बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने तिला हाताला धरून परत आणलं. कुठे निघाली होतीस, हे लोवेलने विचारलं नाही. त्याची छातीच झाली नाही. रात्री तिचे पाय चोळत तो एवढंच म्हणाला, “तुला आता एकही हिवाळा बघायला लावणार नाही मी.”

त्यानंतर ते तीन वेळा इक्वेडोरला आले. तिन्ही वेळा जानेवारीत. आता त्या मुलखातली माणसं दुसऱ्या कुठल्या महिन्यात येणार? दाराशी मांडीएवढा बर्फ साचतो तेव्हाच माणसाला विमान सुचतं. जुलैत स्वतःचं तळं आणि स्वतःची होडी टाकून परक्या देशात घरं बघत कोण हिंडतो? तिन्ही जानेवारींत सान एलादिओला लखलखीत ऊन होतं. एव्हिस वाळूत टोपी घालून बसायची, नाकाची सालं निघाली तरी उठायची नाही. लोवेलच्या वहीत एकोणीस प्रश्न होते. डास, भूकंप, प्यायचं पाणी, चोऱ्या, दवाखाना किती लांब, वीज जाते का. एकोणीसच्या एकोणीस त्याने गावात फिरून विचारले आणि उत्तरं लिहून घेतली.

क्वेंकाला ते दोनच दिवस राहिले. एव्हिसला तिथला चौक फार आवडला. बाकावर बसून तिने उकडलेला मका आणि भाजलेलं डुक्कर खाल्लं आणि बोटं पुसत म्हणाली, “लोवेल, इथेच राहू या ना.”

लोवेल तेव्हा नुकत्याच बारा पायऱ्या चढून आला होता आणि धापा टाकत होता. गाव अडीच हजार मीटर उंचीवर, आणि त्याचं हृदय आधीच एकदा दुरुस्त केलेलं. दोन्ही रात्री त्याने उशीला टेकून बसून काढल्या. पण बायकोपुढे कबूल करील तर शपथ. उजव्या पानावर त्याने ‘छाती’ असं लिहिलं, मग ते खोडलं, आणि तिला म्हणाला, “इथे आपल्याकडचीच माणसं फार आहेत. मिनेसोटा सोडून पुन्हा मिनेसोटातच राहायचं का?”

ती हसली आणि बरं म्हणाली. मधल्या उंचीची एक दरी होती, पण तिथून हृदयाचा डॉक्टर चार तासांवर. तीही वहीतून गेली.

घर विकलं. सामान अंगणात मांडून विकायला काढलं, तेव्हा उजेडाची पेटी एव्हिसने शेजारणीला फुकट दिली. “घेऊन जा बाई, मला काय करायचंय आता तिचं!” असं म्हणून ती इतकी हसली, की लोवेलला वाटलं, पोचलो आपण.

डिसेंबरात ते सान एलादिओला राहायला आले. डिसेंबर ते मे हे सहा महिने त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले. एव्हिसने कुंड्यांत मिरच्या लावल्या, मोडक्या स्पॅनिशमध्ये बाजारात घासाघीस करायला शिकली, आणि शेजारच्या दोन्या सोइलाशी, म्हणजे सोइलाबाईंशी, तिची गट्टी जमली. दोन्या सोइला रोज सकाळी दारात पातेलं मांडून माशाचा रस्सा विकायची. जीभ तिखट, हात सढळ.

जूनच्या पहिल्या आठवड्यात समुद्रावरून करडा ढग आला आणि गावावर बसला. एव्हिस म्हणाली, “उद्या निघेल.” दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली. पाऊस धड पडत नव्हता, नुसती भुरभुर. कपडे वाळेनात. दहाव्या दिवशी ती उद्याचं बोलायची थांबली. लोवेल भांडं घेऊन दोन्या सोइलाकडे गेला.

“हे कधी जाणार?” त्याने वर बोट केलं.

“ते? डिसेंबरात.” तिने रश्श्यावर कांदा घातला. “कधी कधी नोव्हेंबरच्या शेवटाला.”

“सहा महिने?”

“अहो शेजारी, दरवर्षीचं आहे हे. असा चेहरा काय करताय, मी नाही आणलं ते!”

“मला कुणी सांगितलं नाही. मी सगळ्यांना सगळं विचारलं होतं.”

“विचारलंत की. माझं अर्धं पातेलं गार झालं होतं तुमच्या प्रश्नांनी. डास विचारलेत, साप विचारलेत, चोर विचारलेत. ऊन पडतं का, असं विचारलंत?”

“विषुववृत्तावर कुणी ऊन विचारतं का?”

दोन्या सोइला हसायला लागली, पण त्याचं तोंड बघून थांबली. पळी पातेल्यात ठेवून तिने हात पुसले. “सेन्योरा उठत नाहीत का?” तिने हळू विचारलं.

नव्हतीच उठत. जुलै लागला तसं तिने मिरच्यांना पाणी घालायचं सोडलं, मग केस विंचरायचं. लोवेल दारात उभा राहून म्हणायचा, “ऊठ गं, किनाऱ्यावर जाऊन येऊ. बरं वाटेल.” ती म्हणायची, “हो, उठतेच.” मिनेसोटात मागे टाकून आलेली ती वीस हिवाळ्यांची खोली त्याच्याआधीच इथे येऊन बसली होती. एका संध्याकाळी ती भरतीच्या रेषेवर उभी असलेली दोन्या सोइलाला दिसली, पायांत घरातल्या सपाता. दोन्या सोइलाने तिला काही न विचारता घरी आणलं आणि लोवेलला बाहेर बोलावून म्हणाली, “हिला वर घेऊन जा. डोंगरात. आजच्या आज.”

दुसऱ्या दिवशी ते ग्वायाकिल शहरात गेले आणि तिथून क्वेंकाची बस धरली. तीन तास खिडकीला नुसता ढग. एव्हिस डोळे मिटून बसली होती. मग एका वळणावर बस ढगातून बाहेर आली आणि ऊन एकदम सगळ्यांच्या मांडीवर पडलं. एव्हिसने डोळे उघडले. तिने दोन्ही तळहात खिडकीच्या काचेला लावले. “अरे लोवेल,” ती म्हणाली, “हे इथेच होतं!” आणि ती रडायला लागली. लोवेललाही रडायचं होतं, पण घाट आता चार हजार मीटरवर गेला होता आणि त्याला श्वासच पुरत नव्हता.

क्वेंकात तिसऱ्या दिवशी तो खोलीच्या जिन्यात खाली बसला, तो उठेना. ओठ निळे पडलेले. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. “आजोबा, तुम्हाला वर यायला कुणी सांगितलं? ही उंची तुम्हाला मानवणार नाही. आज राहिलात तर उद्याची खात्री मी देणार नाही. खाली जा, आणि पुन्हा येऊ नका.”

एव्हिसने लगेच बॅग काढली. लोवेलने तिच्या हातातून ती घेतली.

“तू इथे राहा. डिसेंबरात ये.”

“आणि तू?”

“मी मजेत राहीन. मला समुद्र आवडतो. वहीत समुद्र मीच निवडला होता की नाही?”

“माझ्याशिवाय तुला मोजे सापडत नाहीत.”

“तिथे मोजे लागत नाहीत.”

ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, आणि त्या हसण्यामुळेच त्याचा निर्धार पक्का झाला. ऑक्सिजनचं नळकांडं ठेवलेल्या गाडीतून, लांबच्या पण कमी उंचीच्या रस्त्याने, त्याला खाली पाठवलं. एव्हिस चौकाच्या कोपऱ्यावर उन्हात उभी राहून हात हलवत होती. तिच्या अंगावर किती ऊन होतं, एवढंच तो बघत राहिला.

रोज सकाळी नऊला तिचा फोन यायचा. ती खुलत चालली होती. घरमालकिणीकडून विणायला शिकली, एका लंगड्या कुत्र्याला लळा लावला. तो रोज सांगायचा, मी किनाऱ्यावर दोन मैल चालून आलो, पेलिकन पक्षी बघितले, दोन्या सोइलाने शिव्या दिल्या. पहिले पंधरा दिवस ते खरंही होतं.

मग एके दिवशी तो साडेपाचला उठला आणि खिडकीत बघून परत आडवा झाला. आभाळ आणि समुद्र एकाच रंगाचे होते, मधली रेघसुद्धा दिसत नव्हती. चालून येऊन करायचं काय, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच वाटलं. ऑगस्टच्या शेवटाला तो पेलिकन अंथरुणातूनच सांगू लागला. दोन्या सोइला रश्श्याचं भांडं दारात ठेवायची आणि संध्याकाळी तसंच उचलून न्यायची. एकदा ती आत येऊन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“हे काय चाललंय? सेन्योरांना सांगू का मी?”

“नको. तिला कळलं तर ती येईल.”

“मग येऊ दे की!”

“आली तर ती समुद्रात जाईल, दोन्या सोइला. तुम्हीच बघितलंय.”

ती पलंगाच्या कडेला बसली आणि त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिली. लोवेल भिंतीकडे तोंड करून पडला होता. वीस हिवाळे आपण दारात कोट घालून उभे होतो, असं त्याच्या मनात आलं. पलंगाच्या कडेला एकदाही बसलो नाही. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

सप्टेंबरच्या मध्याला एका सकाळी नऊला फोन वाजला. तो बराच वेळ वाजू दिल्यावर त्याने उचलला.

“झोपला होतास?” एव्हिसचा आवाज ठणठणीत होता. मागे कुत्रं भुंकत होतं. “नऊ वाजले! इथे काय ऊन पडलंय, विचारू नकोस. मी अंगणात अनवाणी उभी आहे. तू आज गेला नाहीस किनाऱ्यावर?”

“जाणार आहे.”

“मग ऊठ बाबा. जरा फिरून ये. बरं वाटेल.”

तिने ते साधंच म्हटलं, प्रेमाने. लोवेल पांढऱ्या खिडकीकडे बघत होता. काहीतरी वेगळं बोलायला हवं होतं. पेलिकन, पातेलं, काहीही. पण त्यातलं काही सापडण्याआधी तोंडातून निघून गेलं, “हो, उठतोच.”

पलीकडे तिने दार लावून घेतलं, आणि कुत्र्याचं भुंकणं बंद झालं. त्या उत्तराचा अर्थ जगात एकाच माणसाला पुरता ठाऊक होता, आणि फोन नेमका त्याच माणसाच्या कानाला होता.

“किती दिवस झाले, लोवेल?”

त्याने पांघरूण छातीपर्यंत ओढलं.

“अंघोळ केलीस का?”

मग पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ फरशीवरून काहीतरी ओढल्याचा. ती सुटकेस होती. तिचं एक चाक मोडलेलं होतं, आणि तो खरखराट त्याला चांगला ओळखता येत होता.

“दुपारची बस मिळेल मला,” ती म्हणाली. आवाज आताच जरा खाली गेला होता. “तू पडून राहा. उठू नकोस. मी येते.”

नको येऊस, असं म्हणायला हवं होतं. ओरडून म्हणायला हवं होतं. डिसेंबर यायला अडीच महिने होते, आणि आपण तिला कुठे बोलावतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लोवेलने फोन कानाला घट्ट धरला, खरखराट दारापर्यंत गेलेला ऐकला, आणि तो काहीच बोलला नाही.