लाल काठाचा पट्टा

साल एकोणीसशे शहाण्णव. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते आणि हजीऱ्याच्या एका मोठ्या कारखान्यात तेलाच्या टाक्या रंगवायचं काम लोटू मुकादमाच्या टोळीला मिळून काही महिने झाले होते. टोळी सुरतेत उधन्याला राहायची. सगळी माणसं पांझरेकाठच्या एकाच गावची. वर चढणारे सात पुरुष आणि खाली गंज खरवडायला, रंग ढवळायला चार बाया. त्या बायांत मुकादमाची बायको मंगलाबाई होती.

त्या सकाळीही ती रोजच्यासारखी चारला उठली. स्टोव्हवर चहा ठेवला, भाकरी थापल्या, वांग्याचं भरीत फडक्यात बांधलं. तिचा धाकटा भाऊ भटू भिंतीला टेकून डुलक्या घेत होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मंगलाबाईने त्याला कडेवर वाढवलं, लग्न होऊन आली तेव्हा सोबत आणलं आणि पुढच्या वैशाखात त्याचं लग्न लावायचं तिने ठरवलं होतं. तो तिला ताई म्हणायचा, पण हट्ट करायचा तो आईकडे केल्यासारखा.

टेम्पो यायच्या आधी टोळी तिच्याच दारात चहाला जमायची. सहा पेले ताटलीत असायचे. सातवा पेला उंबऱ्याबाहेर कोनाड्यात पालथा. तो आनंदाचा. आनंदा गावच्या भीमनगरातला. तो आपला पेला आपण उचलायचा, मंगलाबाई वरून चहा ओतायची, आणि पिऊन झाल्यावर तो पेला विसळून पुन्हा पालथा घालायचा. सहा वर्षं हे चाललं होतं. सुरतेला येताना या माणसांनी गावाकडचं शेत सोडलं, घर सोडलं, म्हातारे आईबाप सोडले. एवढी एक घाण मात्र गाठोड्यात बांधून आणली आणि इथे येऊन नीट मांडली.

हजीऱ्याला पहिल्याच दिवशी देसाईसाहेबांनी सगळ्यांना उन्हात उभं केलं होतं. साहेब तरुण होते, उंचावर काम करणाऱ्यांची सुरक्षा बघणं हेच त्यांचं काम. त्यांनी कारखान्याचे सात नवे पट्टे टोळीच्या ताब्यात दिले. खांद्यांवरून येणारे, छातीवर जोडणारे आणि दोन्ही मांड्यांना घट्ट बसणारे. कमरेला दोर बांधून चढणाऱ्याला ते म्हणाले, हा दोर तुला पडू देणार नाही, पण पोटातून कापेल. मग त्यांनी गुजराती-हिंदीत समजावलं, पट्टा कसा निवडायचा. शिवण बोटाने चाचपायची, रंगाच्या तेलाने विरून सुतळीसारखी झालेली असेल तर पट्टा टाकून द्यायचा. हुक आपोआप बंद होतो का बघायचं. आणि माप जुळेल तो घालायचा. पट्टा कुणाच्या नावाचा नसतो.

टोळीने मान डोलावली. त्याच संध्याकाळी पंडितने मुकादमाला कोपऱ्यात घेतलं. पंडित वयाने मोठा, गावकीत बोलणारा. हा पट्टा जांघेला लागतो, घाम पितो, आणि उद्या अदलाबदल झाली तर कळणार कसं, असं त्याचं म्हणणं. लोटूने घरी येऊन बायकोपुढे आनंदाचा पट्टा टाकला. तिने जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडला आणि पट्ट्याच्या खांद्यावर टाके घालून शिवून दिला. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. सुई जाड कापडातून जाईना, म्हणून तिने अंगठ्याने रेटली, एवढंच तिला आठवत राहिलं.

साहेबांनी एकदा तो काठ पाहून विचारलं, हे काय? पट्ट्यावर असं काही शिवायचं नसतं. लोटू म्हणाला, मापाची खूण आहे साहेब. सहा पट्टे पत्र्याच्या खोलीत एका दांडीवर टांगलेले, सातवा दाराबाहेरच्या खिळ्यावर. शिकलेल्या माणसालाही त्या खिळ्याचा अर्थ कळला नाही, की कळूनही त्याने विचारलं नाही, देव जाणे.

तर त्या सकाळी साहेबांनी भटूचा पट्टा तपासला. मांडीजवळची शिवण रंगाच्या तेलाने खाल्लेली. त्यांनी खिशातून चाकू काढला आणि सगळ्यांसमोर तो पट्टा कापून टाकला, म्हणजे पुन्हा कुणी घालायला नको. आनंदाच्या तळहाताला आदल्या दिवशी पत्रा लागला होता, तो आज खालीच होता. साहेबांनी बाहेरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. माप तुझंच आहे, तो घाल, म्हणाले आणि दुसऱ्या टाकीकडे निघून गेले.

कुणी हललं नाही. आनंदानेच पट्टा काढून आणला आणि भटूपासून दोन हात अंतरावर जमिनीवर ठेवला.

"लई जाय भाऊ. कालच धुयेल शे," तो म्हणाला.

पट्टा धुतलाय, हे कुणी न विचारता त्याने सांगितलं.

पंडित हसला. भटूला म्हणाला, "घाल ना. वैशाखमा नवरदेवले घोडावर बी त्याच पट्टावर बसाडूत."

दोघे-तिघे फिदीफिदी हसले. भटूचे कान लाल झाले. त्याला त्या पट्ट्याचं फारसं काही नव्हतं, तो आनंदाच्या विडीने आपली विडी पेटवायचा, लपून. त्याने बहिणीकडे पाहिलं.

"ताई, घालू का?"

मंगलाबाईच्या हातात तारेचा ब्रश होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं, तो दुसरीकडे बघत होता. पंडितकडे पाहिलं. सोयरीक जमवणारा पंडितच होता.

"राहू दे, भाऊ," ती म्हणाली. "अंगले लागस ते."

भटू कमरेला दोर बांधून चढला.

दहाच्या सुमाराला परांचीच्या फळीवर त्याचा पाय सरकला. दोराने त्याला जमिनीवर पडू दिलं नाही, साहेब म्हणाले होते तसंच. तो टाकीच्या अंगाला मधोमध दुमडून लोंबकळत राहिला. वरचे लोक फळ्यांना धरून ओरडत होते. खालून आनंदा धावला. फाटक्या हाताने त्याने लाल काठाचा पट्टा चढवला, हुक लावत लावत वर गेला, भटूला खांद्यावर घेतलं आणि उतरला. भटूचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. भटूने पाणी मागितलं. आनंदाने जवळची कळशी ओढली तेव्हा पंडितच्या तोंडून निघालं, "थांब, मी पाजस."

तो येईपर्यंत पाणी प्यायला भटू उरला नव्हता.

दहाव्याला उधन्याच्या खोलीसमोर गावची माणसं बसली होती. आनंदा आणि त्याची बायको अनुसया येऊन कडेला उभे राहिले. आनंदाच्या सदऱ्यावर भटूच्या रक्ताचा डाग धुऊनही राहिला होता. कुणीतरी सवयीने त्याला कोनाड्यातल्या पालथ्या पेल्याकडे बोट दाखवलं. मंगलाबाईने तो पेला पाहिला. मोरीपर्यंत जायचंही सुधरलं नाही, ती दारातच ओकली. बाया म्हणाल्या, उपासाचं पित्त झालं. पित्त नव्हतं. आपल्याच हातांची तिला किळस आली होती.

त्या संध्याकाळी लोटू आणि पंडितने ठरवलं ते तिने भिंतीआडून ऐकलं. उद्या सरकारी साहेब चौकशीला येणार. सांगायचं की आनंदाने पट्टा दिला नाही, मागितला तर भांडला. म्हणजे टोळी सुटेल, मुकादमी राहील. आनंदाला पोलीस नेतील, पण त्याचं कोण विचारणार?

"गया तो गया. आते टोळीना इचार कर," लोटू तिला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टाकीखाली टेबल-खुर्च्या मांडल्या होत्या. पंडितने ठरलेलं सांगितलं. लोटूने सांगितलं. बाकीच्यांनी माना हलवल्या. आनंदा खाली बघत उभा होता, त्याने एकदाही नाही म्हटलं नाही. नाही म्हणून काय होतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

मंगलाबाई उठली. बाहेरच्या खिळ्यावरचा पट्टा काढून तिने सरकारी साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि आपला हात त्या लाल काठावर ठेवला.

"हे मी शिवलं," ती म्हणाली. "मापाची खूण नाही, जातीची आहे. यानं पट्टा धुऊन पुढे ठेवला होता. भाऊ मला विचारत होता. मी नको म्हटलं."

"बायकोचं डोकं फिरलंय," लोटू म्हणाला.

"फिरलेलं होतं. आता नाही. लिहा साहेब."

साहेबांनी लिहिलं.

लोटूची मुकादमी गेली. चलथाणकडे उसाच्या गाड्या भरण्याची मजुरी करत त्याने पुढची दहा वर्षं काढली. दोन वर्षं तो बायकोशी बोलला नाही, भाकरी मात्र तिच्याच हातची खात होता. पंडितने गावाकडून नवी माणसं आणून स्वतःची टोळी उभी केली, आणि ऐकिवात आहे की तिथेही दाराबाहेर एक खिळा आहे. देसाईसाहेब बदलून गेले. जाण्याआधी त्यांनी तो बाहेरचा खिळा स्वतः उपटला, उशिरा का होईना. आनंदा त्याच कारखान्यात पट्टे तपासायच्या कामावर लागला. खराब पट्टा दिसला की तो चाकूने कापतो आणि कुणाचा आहे हे विचारत नाही. अनुसया आणि मंगलाबाई पुढे कितीतरी वर्षं एकाच ठिकाणी साड्यांचे धागे कापायला जात होत्या.

आता मंगलाबाई थकली आहे. गावाकडचं कुणी आलं की हळहळतं, भटू टाकीवरून पडून गेला नाही का? ती म्हणते, टाकीवरून नाही, माझ्या तोंडून गेला. मग सगळं सांगते. सांगून झाल्यावर चहा गाळते आणि शेजारच्या आनंदा-अनुसयाला हाक मारून सगळे पेले एकाच ताटलीत मांडते. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणतं, मी चहा आत्ताच पिऊन आलो.

ती आग्रह करत नाही. नुसती त्याच्या हातांकडे बघत बसते.