हाताला बसलेली डिस्क

“घेऊ नकोस ती,” लोर्ना म्हणाली.

मॅरेनचा हात पुढे झालाच होता. पाठीवरच्या झोळीत टिल्डा तिच्या वेणीचं टोक चघळत होती आणि समोर टोबिन आपली फेकायची नारिंगी डिस्क दोन्ही तळव्यांवर ताटासारखी धरून उभा होता. कडा झिजून गुळगुळीत झालेली, मधोमध कुत्र्याच्या दातांचे दोन खड्डे. बास्केट जवळ आली की तो हीच काढायचा. बास्केटच्या साखळ्यांवर ती आपटल्याचा आवाजही म्हणे वेगळा येत असे.

“का घेऊ नये?” टोबिननं विचारलं. “तुझा डोळा होता की काय हिच्यावर, म्हातारे?”

“माझा डोळा तुझ्यावर आहे.”

“ऐकलंस मॅरेन? साक्षीला राहा. शेवटी कबूल केलं हिनं.”

लोर्ना हसली नाही. टोबिन डिस्क मॅरेनच्या हातात ठेवून डिस्क फेकायच्या पुढच्या सिमेंटच्या ओट्याकडे शीळ घालत निघून गेला, तेव्हा लोर्नानं मॅरेनचं कोपर धरलं.

“जुनी झालेली कुणीही देतं. हाताला बसलेली कुणी देत नाही. विचार त्याला.”

“काय विचारू?”

“कसा आहेस म्हणून. आणि उत्तर येईपर्यंत थांब.”

मॅरेननं मान डोलावली आणि डिस्क लंगोटांच्या पिशवीत सारली. बरोबर खेळणाऱ्या लोर्नाला सगळ्यातच काहीतरी दिसायचं. साध्या ढगात गारा, टिल्डाच्या शिंकेत कानदुखी. मॅरेनला स्वतःच्याच काळज्या पुरून उरत होत्या, त्यात दुसरीच्या कुठे घ्यायच्या? टिल्डा झोपली की तिचा श्वास चालू आहे ना हे नाकाशी बोट धरून बघणारी ती. द्राक्षाचे चार तुकडे करणारी. टोबिनकडे तिनं पाहिलं, तर तो ओट्यावर उभं राहून कॉटनवूडच्या झाडाला शिव्या देत होता. या माणसाला काय होणार आहे, असं तिच्या मनात आलं.

शिवाय देणं हीच तर त्या मैदानाची रीत होती. गावाच्या जुन्या पंपहाउसमागचं ते रान, नदीकाठी खांबांवर साखळ्या लावलेल्या नऊ बास्केटी, लांबून डिस्क फेकून त्यांत पाडायची; ना फी, ना सभासदत्व, ना खास बूट. चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानात पिझ्झाच्या तुकड्याहून स्वस्तात डिस्क मिळायची. तेवढी एक असली की झालं. बीटच्या साखरकारखान्यातली माणसं यायची, शाळेतली पोरं यायची, डेव्हन टपालाच्या गाडीतून उतरून गणवेशातच तीन बास्केटी खेळून जायचा. कॉलेजची पदवी कपाटात ठेवून दिवसभर लेकराशी एकटीच बडबडणारी मॅरेन वसंतात तिथं पहिल्यांदा गेली, तेव्हा टोबिननंच तिला एक हलकी निळी डिस्क दिली होती.

“घे. मलाही कुणीतरी दिलीच होती.”

“मला येत नाही.”

“झाडाला लागली तर झाडाची चूक. नदीत गेली तर नदीची. उरलं काय मग?”

तिथल्या प्रत्येकाच्या पिशवीत कुणी ना कुणी दिलेली एक तरी डिस्क होती. मागच्या बाजूला मार्करनं नाव आणि फोन नंबर. लव्हाळ्यात हरवलेली डिस्क कुणाला सापडली की तो फोन करायचा, आणि डिस्क फिरून घरी यायची. मग त्या सप्टेंबरात टोबिन आपल्या डिस्क जरा जास्तच वाटत सुटला, तर त्यात कुणाला काय वावगं दिसावं? दिलदार गडी, एवढंच सगळे म्हणाले.

ऑक्टोबरात बीट काढायला सुरुवात झाली. मॅरेनचा नवरा ग्रेडी ट्रक चालवायचा. त्या दिवसांत तो घरी फक्त जेवायला आणि झोपायला येई. त्या शुक्रवारी मात्र तो भर दुपारीच आला आणि मळक्या कपड्यांनीच खुर्चीवर बसला.

“टोबिननं जीव दिला,” तो म्हणाला. “काल.”

मॅरेन टिल्डाला गाजर भरवत होती. तिनं पुढचा चमचा भरवला. त्याच्या पुढचाही. वाटी संपली तरी ती रिकामा चमचा पुढे करत राहिली.

त्याच्या नावानं सगळ्यांनी एक डाव खेळायचं ठरलं. टोबिननं दिलेली डिस्क प्रत्येकानं घेऊन यावी, असं डेव्हननं सुचवलं. खेळून झाल्यावर पंपहाउसच्या छपराखाली, घरोघरून भाजून आणलेल्या हॉटडिशच्या भांड्यांशेजारी, लाकडी टेबलावर माणसं आपापली डिस्क ठेवू लागली. टेबल भरलं. मग बाकावरही ठेवल्या.

“त्याची लांब पल्ल्याची,” डेव्हन म्हणाला. “मला वाटलं, मला एकट्यालाच दिली. घरी जाऊन बायकोजवळ मिरवलो होतो.”

त्यानं ती उलटी केली. मग शेजारची केली. मॅरेननं आपली नारिंगी उलटी केली. मागं तिचं नाव, तिचा नंबर, टोबिनच्या ठसठशीत अक्षरात. डिस्क घेतली तेव्हा घरी येऊन तिनं ते वाचलं होतं आणि तिला वाटलं होतं, किती विचार करतो हा माणूस, हरवली तर माझ्याकडेच परत यावी म्हणून. आता उजेडात तिरपी धरली, तर अक्षरांखाली फिकट डाग दिसला. आधीचं नाव स्पिरिटनं पुसलेलं. प्रत्येक डिस्कवर तसाच डाग, आणि वर ज्याची त्याची नावं. आपल्याकडे काहीच फिरून येऊ नये, अशी व्यवस्था करून तो गेला होता.

हॉटडिश निवत गेली.

लोर्ना टेबलाच्या टोकाला कागदी प्लेटा लावत होती. मॅरेननं तिची नजर टाळली. लोर्नाच जवळ आली आणि तिनं टिल्डाची टोपी कानांवर ओढली.

“तू सांगितलं होतंस,” मॅरेन म्हणाली.

“सांगितलं तुला. विचारायचं त्याला होतं, आणि मी चेष्टेवर नेलं.” लोर्नानं प्लेटा पुन्हा सरळ केल्या. “माझ्या भावानं जीव द्यायच्या आधी मासे धरायचे गळ वाटले होते. आम्ही म्हटलं, बरं झालं, पसारा आवरला.”

टोबिनचे वडील हार्लन त्या दिवशी सगळ्यांना आग्रह करत फिरत होते. घ्या, अजून घ्या, भांडी रिकामी करून द्या, मला धुवायला बरी. बापलेक एकाच घरात राहायचे. “म्हातारा खंबीर आहे,” माणसं जाताना म्हणाली.

नोव्हेंबरात बर्फ पडला. तरी मंगळवारी सकाळी चारसहा जण येतच. बर्फात डिस्क सापडावी म्हणून तिला लांब रंगीत फीत चिकटवायची आणि फेकायची. हार्लनही येऊ लागले. खेळायचे नाहीत. मुलाचं जॅकेट घालून ओट्यावरचा बर्फ लोटायचे आणि नावं ठेवायचे.

“साखळीत ताटं फेकता आणि त्याला खेळ म्हणता. आमच्या घरी ताट फेकलं की उपाशी झोपवायचे.”

एका मंगळवारी त्यांनी पिकअप अगदी ओट्यापाशी आणून लावला. मागं सामान भरलेलं होतं. डेव्हनला त्यांनी विजेचं ड्रिल दिलं, दुसऱ्या एकाला जंबुऱ्यांची पेटी. डेव्हन नको नको म्हणत ते टपालाच्या गाडीत ठेवूनही आला. मग हार्लननी सीटवरून एक पुरचुंडी काढली. फडक्यात लाटणं होतं, बारीक खाचांचं, लेफ्से लाटायचं. दर नाताळाआधी ते बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या सबंध गल्लीला पुरतील इतक्या करायचे; बायको गेल्यावरही त्यांनी एकही साल चुकवलं नव्हतं. लाटण्याच्या मुठी हातांनी काळ्या पडलेल्या.

“टिल्डासाठी,” ते म्हणाले. “मोठी झाली की लाटेल.”

“काय नशीबवान पोरगी आहे,” कुणीतरी म्हणालं.

मॅरेननं हात हातमोज्यांसकट खिशात घातले.

“हार्लन, कसे आहात?”

“बरा आहे.”

ती थांबली. हार्लन लाटणं पुढे धरून उभे होते. नदीवरून वारा आला, टिल्डा शिंकली, कुणाची तरी फीत बर्फावर फडफडली.

“बरा आहे म्हटलं ना. घेतेस की नाही?”

“नाही घेत,” मॅरेन म्हणाली. “तुमच्या मागोमाग येतेय मी घरी. कॉफी पाजा.”

“कॉफी नाही घरात.”

“मग पाणी पाजा.”

स्वयंपाकघर लख्ख होतं. फ्रिजचं बटण बंद, दार उघडं, आतले कप्पे पुसून कोरडे केलेले. दुधाची बाटलीसुद्धा नाही. तिनं टिल्डाला जमिनीवर सोडलं आणि लोर्नाला फोन लावला. म्हणाली, ये, येताना दूध आण. बटाटेही आण.

“पहारा बसवतेस काय माझ्यावर?” हार्लननी विचारलं.

“हो.”

ते खुर्चीत बसले. टिल्डा रांगत जाऊन त्यांच्या पँटला धरून उभी राहिली. मॅरेन त्यांच्यासमोर बसली. हा प्रश्न तिनं कधी मनातसुद्धा पुरा उच्चारला नव्हता.

“हार्लन, तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?”

हार्लननी टिल्डाच्या डोक्यावर हात ठेवला, मग काढून घेतला, जणू काही आता आपला हक्क नाही.

“हे मी त्याला विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. “एका घरात होतो आम्ही. तो म्हणायचा, बरा आहे, आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.”

“मी तुमचं विचारतेय.”

त्यांनी मान हलवली, एकदाच, वरून खाली.

लोर्ना आली. तिनं फ्रिज सुरू केला, दूध आत ठेवलं आणि बटाटे उकडायला लावले. दुपारी ती त्यांना आपल्या गाडीतून डॉक्टरकडे घेऊन गेली आणि आत त्यांच्या शेजारी बसली. संध्याकाळी ग्रेडी कामावरून परस्पर हार्लनच्या घरी आला. शिकारीच्या बंदुकांच्या कपाटाची किल्ली हार्लननी स्वतःच काढून त्याच्या हातात दिली, आणि मग तोंड फिरवून सिंकमधली धुतलेलीच पातेली परत धुवायला घेतली.

त्याच संध्याकाळी, टिल्डाला मांडीवर घेऊन, मॅरेननं खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं. एरवी तिथं हरवलेल्या डिस्कचे रंग आणि वाढलेल्या गवताच्या तक्रारी असत. चार वेळा लिहून तिनं पुसलं. शेवटी एवढंच ठेवलं:

“हार्लनना विचारूनच लिहिते आहे. ते बरे नाहीत. रोज कुणीतरी त्यांच्याकडे जायला हवं आहे. उद्या लोर्ना आहे, शुक्रवारी ग्रेडी जाईल. परवा गुरुवारी टिल्डाची लस आहे, मला जमणार नाही, आणि गुरुवारच त्यांना सगळ्यात जड जातो. तुमच्यापैकी कुणीतरी जा. फोन करू नका, फोनवर ते छान बोलतात. पुढच्या दाराशी बर्फ साचलाय, मागच्या दारानं जा. ते म्हणतील, बरा आहे. तुम्ही बूट काढा आणि बसा.”