अंगठ्यावरचं पाणी

“स्वामी, मोजा काढा की. मोज्यावरच पाणी घालू काय?” नीलाबाई हसत म्हणाली.

समोर ताम्हण होतं, बेल होता, तांब्यात पाणी होतं. मन्मथ स्वामींनी डावा पाय कधीच पुढे केला होता. उजवा पाटाआड ओढून ठेवला होता. श्रावणी सोमवारी उदगिरातल्या ठरलेल्या घरांत लिंगायतांचे पुरोहित, जंगम म्हणून पाय धुऊन घ्यायचे, पूजा सांगायची, जेवायचं, आणि मंगळवारपासून पुन्हा अडतीवर पोत्यांची तोंडं शिवायची, असं त्यांचं आयुष्य. पाय पूजेचे म्हणून त्यांनी जपले होते. जपावं असं दुसरं जवळ नव्हतंही.

मोजा निघाला. अंगठ्याचा सांधा वांग्यासारखा सुजून चमकत होता.

“दगड लागला काय हो?” नीलाबाईच्या नवऱ्याने, बसवंतने विचारलं.

“वात हाय जरा.”

बसवंतच्या जावयाने, शिवशंकरने, मोबाइलमधून मान वर काढली. “वात न्हाई मामा, गाऊट हाय हा. नांदेडला आमच्या सायबाला हाय न. रोज बार, रोज मटण. आता पांघरूण लागलं तरी बोंबलतोय.” मग स्वामींकडे वळून, “चोरून कुठं बसून राहिलाव, स्वामी?”

कुणी हसलं नाही. मग तोही हसला नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी हाच शब्द सांगितला होता. पण बीपीच्या गोळीनंही होतो, हेही सांगितलं होतं. ते वाक्य स्वामींच्या तोंडात तयार होतं. बोललो तर पटेल, की कुणी न विचारता सफाई देतोय असं वाटेल? ते ठरेपर्यंत नीलाबाईने पाणी घातलंसुद्धा. लांबून घातलं. बेल तिने डाव्याच पायावर ठेवला.

दर वर्षी ते पादोदक, पायांवरचं पाणी, घरातले सगळे तळहातावर घेऊन पीत. आज तिने ते वाटीत काढून कोनाड्यात ठेवलं.

“घेतो मागून,” बसवंत म्हणाला.

स्वामी जेवून निघाले तेव्हा वाटी भरलेलीच होती. वाईट वाटायला हवं होतं. त्यांना नुसता वाटीचा काठ दिसत राहिला.

शनिवारी बसवंतचा फोन आला. “स्वामी, ह्या सोमवारी आराम करा तुम्ही. पायाला ताण नगं.”

मग बाकीच्या घरांचेही आले. सगळ्यांनाच त्यांच्या पायाची काळजी होती.

सोमवारी स्वामींनी सवयीने अंघोळ केली, धोतर नेसलं, विभूती लावली आणि ओसरीवर बसून राहिले. त्यांची बायको शिवगंगा आतून ताम्हण घेऊन आली.

“हे काय करून राहिलीस?”

“सोमवार हाय न. पाय ठेवा.”

“बीपीच्या गोळीनं बी होतंय म्हणले डॉक्टर,” स्वामी म्हणाले. एवढ्या दिवसांनी ते वाक्य बाहेर पडलं.

“मला कशाला सांगून राहिलाव? जन्मभर तुमचं ताट म्याच वाढलं न?”

तिने धार बारीक धरली. सुजलेला अंगठा वगळला नाही. ताम्हणातलं पाणी तळहातावर घेऊन प्यायली आणि “चहा ठेवते,” म्हणून आत गेली.

पाय पुसायचे ती विसरली होती. स्वामी ते तसेच, ओले, ताम्हणात ठेवून बसून राहिले.